हायफायचा नाद आणि देशोदेशीचे कान

हायफायचा नाद म्हणजे घरात गाणं जमेल तेवढं मूळच्यासारखं ऐकू यावं म्हणून अॅम्प्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल, वायरी यांच्या मागं हात धुऊन लागणं. हा नाद कुठल्या देशातल्या माणसाला लागलाय त्यावर त्याची आवड ठरते असं या नादातले लोक सर्रास बोलतात, म्हणजे इंग्रजाला गळा ऐकायचा असतो, अमेरिकनाला थेटर घरात आणायचं असतं, जपानी माणूस एकाच बल्बच्या (म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या) अॅम्प्लिफायरवर आयुष्य काढतो, वगैरे. यात गंमत जास्त आणि खरं थोडं आहे. माणसाचा देशी स्वभाव ही फार पुढची गोष्ट, आधी खोली केवढी, लाईट कशी, कस्टम ड्यूटी किती आणि लहानपणी कानावर काय पडलं हे बघायचं. सांगली, मिरज, सातारा या पट्ट्यात ते फार उघड दिसतं, म्हणून ही नोंद इथल्या बाजूनं लिहिलीय.

बाहेरचे देश

ब्रिटनचं उदाहरण कायम पहिलं येतं. बीबीसीला बाहेरच्या कार्यक्रमांच्या गाडीत मोठा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर) ठेवायला जागाच नव्हती म्हणून १९७० च्या दशकात त्यांच्या इंजिनियरांनी एलएस३/५ए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर केला आणि रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांनी तो लायसन घेऊन विकला. त्यात खालचा खर्ज (बेस) फारसा नाहीच, पण बातम्या वाचणारा माणूस समोर बसलाय असं वाटतं. १९५७ चा क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर पण त्याच जातीचा, खर्ज बेताचा आणि गळा अगदी स्वच्छ. तिकडच्या विटांच्या घरातल्या छोट्या खोलीत यापेक्षा जास्त खर्ज झेपतही नाही.

अमेरिकेत उलट. जेबीएल काय, अल्टेक काय, दोघांची मुळं सिनेमाच्या थेटरात. त्या काळी अॅम्प्लिफायरची ताकद कमी, त्यामुळं थोड्या वॅटवर मोठा आवाज काढणारा हॉर्न, म्हणजे भोंग्याच्या आकाराचा स्पीकर, लागायचा, तोच पुढं घरात आला. पॉल क्लिप्शचा १९४६ चा क्लिप्शहॉर्न तर खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीच हॉर्नचा भाग म्हणून वापरतो, म्हणजे दोन चांगले मोकळे कोपरे असलेलं घर पाहिजे. पण स्वभावाची थिअरी इथंच गडबडते, कारण त्याच अमेरिकेत १९५४ मध्ये एडगर विलचरनं एआर-१ काढला, बंद खोक्यातला आटोपशीर स्पीकर, पुस्तकाच्या फळीवर स्पीकर ठेवायची पद्धत त्याच वळणावर पुढं वाढली. आता यातला खरा अमेरिकन स्वभाव कुठला म्हणायचा?

जपानची गोष्ट सगळ्यात मजेदार. युद्धानंतर बाहेरची रेकॉर्ड तिथं सामान्य माणसाला परवडत नव्हती, म्हणून जॅझ किस्सा नावाची कॉफीची दुकानं चालायची, एक कॉफी घ्यायची आणि तासन्‌तास मालकाच्या रेकॉर्डी ऐकायच्या, बऱ्याच ठिकाणी गप्पा मारायला बंदी. तिथले स्पीकर पुष्कळदा अमेरिकन, मोठे, हॉर्नवाले. घरं मात्र लहान, शेजारी भिंतीला लागून, त्यामुळं हळू आवाजातही जिवंत वाटणारी सिस्टीम हवी, आणि मग सात-आठ वॅट देणारा ३००बी बल्ब कामाला आला. हा बल्ब मूळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा, १९३० च्या दशकातला, अमेरिकनच. अमेरिकेनं मागं टाकलेली वस्तू जपान्यांनी उचलली, पूजली आणि मग तिकडचेच लोक ती परत महाग दरानं घ्यायला लागले. जर्मनीनं डीआयएन ४५५०० हे मानक काढून हायफाय म्हणवून घ्यायला किमान किती पाहिजे ते आकड्यात लिहून टाकलं, विषय मिटला.

आपल्याकडं काय झालं

भारतात १९९१ च्या आधी बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर शंभर टक्क्यांच्या वर ड्यूटी, आणि बरंचसं सामान तर आणूच द्यायचे नाहीत. साधा रेडिओ घ्यायचा तर पोस्टातून लायसन काढायला लागायचं. त्यामुळं इथला शौकीन विकत घेणारा न होता जोडणारा झाला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी, हीटसिंक, ट्रान्सफॉर्मर आणायचा, कॅबिनेट गावच्या सुताराकडून, वर सनमायका, की झाला डेक तयार. चांगला माल बाहेरून यायचा तो माणसांबरोबर. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेले, त्यातले मद्रासकडचे बर्मा बाजारातून टेप आणू शकायचे. साताऱ्याकडं घरटी फौजी असलेली गावं आहेत, तिथं मिलिटरी कॅन्टीनचा रेडिओ किंवा टू-इन-वन. म्हणजे एकाच देशात, एकाच विभागात, कानाला कुठली कंपनी गोड लागणार हे घरातला माणूस कुठं नोकरीला आहे त्यावर ठरायचं.

माठातला स्पीकर हा या काळाचा खास शोध, अजून गॅरेजात आणि रसवंतीत दिसतो. चार-सहा इंची स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायचा, बाजूनं कापड किंवा एम-सील, आणि वायर सोडायची. खर्ज भरपूर येतो, फुकट येतो, पण येतो तो एकाच सुरात, कारण माठातली हवा आपल्या ठरलेल्या एका कंपनसंख्येलाच जोरात घुमते. डग्गा वाजू दे नाहीतर ढोलकीची धुम, माठ एकच उत्तर देतो. त्याची सवय झालेल्या कानाला बीबीसीवाला स्पीकर ऐकवला तर पहिला प्रश्न ‘बेस कुठाय?’

मिरज आणि जवारी

मिरजेत मात्र वेगळाच कान घडलाय, आणि आमच्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात दमदार पुरावा. सतार आणि तानपुरे करणारी घराणी इथं पिढ्यान्‌पिढ्या, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन पण मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या नावानं संगीतसभा होते. किराण्याचा सगळा भर सुरावर, आणि सूर तानपुऱ्यावर टेकलेला.

तानपुऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सपाट नसते, तिला अगदी बारीक उतार असतो, तार छेडली की ती त्या उतारावर घासत-सुटत राहते आणि मधे सरकवलेल्या सुताच्या धाग्यानं ती जागा जुळवतात. कारागीर घोडी कानसतो, तार छेडतो, परत कानसतो, धागा केसभर पुढं-मागं करतो, आणि एका जागी आवाज फुलासारखा उघडतो. ही जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलंय, त्यांना दिसलं की तार जिथं छेडली तिथं ज्या उपस्वरांचा (मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुरांचा) स्थिर बिंदू पडतो ते उपस्वर नियमाप्रमाणं गायब व्हायला पाहिजेत, पण तानपुऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात.

आता असा कान स्पीकर कसा पारखेल? गाडगाभर खर्जाकडं तो बघणारच नाही. तानपुरा एकटा लावायचा आणि वरचे स्वर सुटे-सुटे उलगडतात का, का नुसती झणझण होते, एवढंच ऐकायचं. स्वस्त ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) इथं लगेच पकडला जातो, जवारीला तो पत्र्याचा आवाज देतो. लंडनचा म्हातारा शौकीन आणि मिरजेचा गाण्यातला माणूस दोघंही मधल्या सप्तकाचे भक्त, पण एक बातम्यांमुळं आणि दुसरा तानपुऱ्यामुळं, दोघांना जोडणारा राष्ट्रीय स्वभाव वगैरे काही नाही.

आणि याच जिल्ह्यात, याच गावांत, गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली डॉल्बीची भिंतपण आहे, तिला हायफाय म्हणायचं नाही असा सभ्य लोकांचा आग्रह. आमचं मत वेगळं आहे. जमैकात किंग्स्टनला रस्त्यावर मोठमोठ्या खोक्यांच्या साउंड सिस्टीम उभ्या राहिल्या आणि त्यातून संगीताचे नवे प्रकार निघाले, तिथं खर्ज छातीत बसणं हीच पारख. डॉल्बीवाल्या पोरांना क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरला वाटायची सीमा) कुठं ठेवायचा, कुठल्या खोक्याला किती वॅट द्यायचे हे पाठ असतं. फक्त ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात, आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे हाल होतात, ते वेगळं सांगायला नको.

खोली आणि लाईट

इथं हौशी लोक सगळा पैसा यंत्रात घालतात आणि खोलीकडं बघतपण नाहीत. जुन्या वाड्यात मातीच्या जाड भिंती, लाकडी तक्तपोशी, गादी-लोड, आवाज मऊ व्हायचा. आता स्लॅब, टाईल, काच, आणि टाळी वाजवली तरी किणकिण. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपनांना) खर्ज तुंबतो, हे गणित सातारा आणि टोकियो दोन्हीकडं सारखंच, फरक भिंत कशाची आहे त्याचा. लाकडी सांगाड्यावर पातळ तक्ते मारलेली अमेरिकन भिंत थोडा खर्ज पिऊन टाकते, आपली वीट-सिमेंटची भिंत सगळा परत फेकते. त्यामुळं तिकडच्या परीक्षणात ‘बेस कमी’ लिहिलेला स्पीकर सांगलीत बरोबर बसू शकतो.

लाईटीचा घोळ परदेशातून सामान आणणाऱ्यांना भोवतो. जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडं २३०, तर पोरानं तिकडून पाठवलेला अॅम्प्लिफायर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला की धूर. व्होल्टचं तरी लक्षात येतं, हर्ट्झचं येत नाही. अमेरिकेचा जुना टर्नटेबल, ज्याची सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झप्रमाणं फिरणारी) ६० हर्ट्झवर चालते, तो इथल्या ५० वर ट्रान्सफॉर्मर लावूनही ३३⅓ च्या जागी मिनिटाला २७.८ फेरेच मारतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गवई थेट खालच्या काळी पाचला उतरतो आणि लय रेंगाळते, आणि घरातले म्हणतात रेकॉर्ड खराब आहे. मशीन बेल्टवर चालणारं असेल तर मोटरची पुली बदलायची, जुनीपेक्षा १.२ पट व्यासाची. बेल्टची जाडी पण हिशेबात धरायची. कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्याला जुनी पुली नमुना म्हणून दिली तर तो पितळेची करून देऊ शकतो, फक्त भोक मधोमध पाहिजे, केसभर जरी सरकलं तरी सूर डुलतो.