मनोरुग्णालय जितकं लांब, तितकी नोंद कमी

एडवर्ड जार्विस या अमेरिकी डॉक्टरने १८५० मध्ये मनोरुग्णालयांच्या नोंदी अंतरानुसार मांडून पाहिल्या. रुग्णालयाजवळच्या भागातून जास्त माणसं दाखल झालेली, आणि अंतर वाढेल तसा आकडा घसरत गेलेला. लांबच्या गावांत आजार कमी होता असं मानायला काहीच आधार नव्हता.

इच्छेविरुद्ध दाखल होणाऱ्यांचे आकडेही जागेप्रमाणे असेच बदलतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या २२ देशांच्या तुलनेत ऑस्ट्रियात वर्षाला दर लाख लोकांमागे २८२, तर इटलीत १४.५ जण असे दाखल झाले होते. मेंदूचे आजार देशाची सीमा ओलांडून एवढे बदलत नाहीत. जिथे खाटा जास्त, तिथे सक्तीचं प्रमाणही जास्त आढळलं. अर्थात त्यावरून खाटांमुळेच सक्ती वाढते हे सिद्ध होत नाही. इटलीने १९७८च्या कायद्याने मोठी मनोरुग्णालयं बंद करायला घेतली आणि उपचार वस्तीजवळ नेले, हेही लक्षात घ्यायला हवं.

आता विदर्भाकडे या. अकरा जिल्ह्यांसाठी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय एकच, नागपूरला. सिरोंच्याहून किंवा बुलडाण्याहून तिथे यायचं तर तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास. माणूस रात्र-रात्र झोपत नाही, घरच्यांवर धावून जातो, अशा अवस्थेत त्याला एसटीत बसवता येत नाही. भाड्याची जीप करावी लागते, सोबत दोन-तीन धडधाकट माणसं लागतात आणि सगळ्यांची मजुरी बुडते. म्हणून आधी देवरषी होतो, मग दर्गा नाहीतर देवस्थान, आणि पेरणीच्या दिवसांत कोणालाच घरी थांबता येत नसेल तर गोठ्यातला खांब आणि दोर. ही सक्तीच आहे, आणि ती कुठल्याही नोंदवहीत येत नाही. ग्रामीण भागातला कमी आकडा पाहून तिथे सक्ती कमी आहे असं कोणी म्हणत असेल, तर ते मला मुळीच पटत नाही.

रुग्णालयातल्या सक्तीला निदान कायद्याची चौकट आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दोन तज्ज्ञांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, अशी ठोस कारणं लागतात. सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. सात दिवसांत, आणि स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, अशा दाखल करण्याची तपासणी करणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. रुग्णाला त्या मंडळाकडे दाद मागता येते, मोफत वकीलही मिळतो. साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. गोठ्यात बांधलेल्या माणसाची मुदत कोण मोजणार?

खरा प्रश्न आहे तो आजाराच्या पहिल्या महिन्यांचा. झोप उडणं, संशय, एकटंच बोलणं याच टप्प्यावर औषध सुरू झालं, तर बळजबरीची वेळ बरेचदा येतच नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावपातळीवरचे कार्यकर्ते प्रशिक्षित केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं. दीड वर्षाने पाहणी केली तेव्हा ते २७.२ टक्के होतं. नैराश्य वेगळं आणि वर सांगितलेली संशय, एकटंच बोलणं अशी लक्षणं दिसणारा स्किझोफ्रेनिया हा आजार वेगळा, त्यामुळे हेच आकडे स्किझोफ्रेनियाला लागू होणार नाहीत. पण गावात विश्वासाचं माणूस असेल तर लोक मदत घेतात, एवढं त्यातून दिसतं. १४४१६ या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मोफत सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं; आजार नुकताच जाणवू लागला असेल तेव्हाही तो लावता येतो.