गरोदरपणी थायरॉईडची गोळी का वाढवावी लागते?

दिवस राहिल्याचे कळताच घरातून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘आता गोळ्याबिळ्या बंद कर, बाळाला बाधतील.’ थायरॉईडच्या कमतरतेसाठी रोज लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीने तो मुळीच मानू नये. आपली थायरॉईड ग्रंथी थायरॉक्सिन हे जे संप्रेरक तयार करते, तेच या गोळीत असते आणि गरोदरपणात त्याची गरज वाढते.

ती का वाढते, हे फार वेधक आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक सोडून थायरॉईडला कामाला लावते. गर्भ रुजल्यावर वारेच्या पेशी एचसीजी सोडतात. घरच्या चाचणीतली दुसरी रेघ उमटते ती त्यामुळेच. ही दोन्ही संप्रेरके प्रत्येकी दोन प्रथिन-साखळ्यांची बनलेली असून त्यांची अल्फा साखळी एकच असते, तर बीटा साखळ्यांत बरेच साम्य असते. म्हणून एचसीजीही थायरॉईडच्या पेशींवरील टीएसएचच्या जागी जाऊन बसते. त्याचा जोर क्षीण असला, तरी आठव्या ते अकराव्या आठवड्यात त्याचे प्रमाण इतके वाढते की निरोगी थायरॉईड जास्त थायरॉक्सिन बनवू लागते आणि ते पाहून पीयूषिका टीएसएच कमी करते. पहिल्या तिमाहीत टीएसएच किंचित कमी दिसला, तर तो आजारच असेल असे नाही.

त्याच सुमारास वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तातील थायरॉक्सिन बांधून ठेवणारे प्रथिन दुप्पट-अडीचपट होते, त्यामुळे रक्तातील एकूण थायरॉक्सिन जवळजवळ दीडपट व्हावे लागते. निरोगी ग्रंथी एचसीजीच्या रेट्याने ही वाढ भागवते. हाशिमोटो आजाराने (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते) झिजलेली किंवा शस्त्रक्रियेने काढलेली ग्रंथी ती भागवू शकत नाही. गर्भाची स्वतःची थायरॉईड तर अठराव्या-विसाव्या आठवड्यापर्यंत पुरेशी सक्षम नसते आणि तोवर त्याच्या मेंदूची घडण आईच्याच थायरॉक्सिनवर चालते.

म्हणून दिवस राहताच डॉक्टर मात्रा साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवतात. बहुधा आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या देतात. टीएसएच २.५ (मिली-युनिट प्रति लिटर) च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी होते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर हवे.

‘शुद्ध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सैंधव मिठाचा या काळात आग्रह धरणे मला घातक वाटते. गरोदर स्त्रीला दररोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. साध्या सैंधवात ते जवळजवळ नसतेच, आयोडीनयुक्त मिठात असते.

थायरॉईड अतिसक्रिय असेल, तर उपचार वेगळे. पहिल्या तिमाहीत गरज पडल्यास कार्बिमॅझोलऐवजी प्रोपिलथायोयुरॅसिल देतात, कारण कार्बिमॅझोलमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका अधिक असतो. किरणोत्सारी आयोडीन तर पूर्ण वर्ज्य.

बाळंतपणानंतर लेव्होथायरॉक्सिनची मात्रा पूर्वीइतकी करून सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासतात. अंगावर पाजतानाही ती गोळी चालूच ठेवायची असते.