डोळा स्वतःला मोजतो

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत साडेचार वर्षांच्या एका मुलीला चष्मा लागला आणि लिफ्टमध्ये आठवडाभर एकच निकाल ऐकू आला : "मोबाईलनं घालवले पोरीचे डोळे." तिची आई बिचारी मान खाली घालून उभी. मी नंबरचा कागद मागून पाहिला. उजवा डोळा प्लस दीड, डावा प्लस चार. प्लस! मोबाईलवर खापर फोडायचंच असेल तर मायनस नंबरसाठी फोडा, आणि तेही अर्धंच. प्लस नंबर मोबाईल बघून लागत नाही. तो आपण बहुतेक सगळेच जन्मताना घेऊन येतो.

तान्ह्या बाळाचा डोळा पुढून मागेपर्यंत जेमतेम १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा सुमारे २४. भिंगाच्या ताकदीच्या मानाने बाळाचा डोळा आखूड, म्हणून प्रतिमा दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या, मागे पडते. सरासरी नंबर प्लस दोनच्या आसपास. पुढच्या तीन वर्षांत डोळ्याची बरीचशी लांबी भरून येते आणि त्याच वेळी पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक थर) आणि भिंग यांची ताकद कमी होत जाते. दोन्ही बाजू हलत्या, तरीही बहुतेक मुलं शून्याच्या जवळ, किंचित प्लसकडे येऊन थांबतात. मोठ्या डोळ्याची लांबी एक मिलिमीटर चुकली तर अडीच-तीन नंबरांचा फरक पडतो. म्हणजे एवढ्या बारीक मापात कोणीतरी टेप लावून बसलंय. कोण?

मला या विषयात सगळ्यात आवडतो तो कोंबडीच्या पिल्लांचा भाग. न्यूयॉर्कचे जोश वॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की पिल्लाच्या नजरेच्या क्षेत्रात थोडी ढवळाढवळ केली तरी त्याला जबर मायनस नंबर येतो, म्हणजे डोळा गरजेपेक्षा लांब होतो. दहा वर्षांनी दुसऱ्या एका गटाने पिल्लांना चक्क चष्मे चिकटवले. मायनस काच लावली की प्रतिमा पडद्यामागे जाते. डोळा भराभर लांब होऊन तिला गाठतो. प्लस काच लावली की प्रतिमा पुढे पडते आणि डोळा वाढ आवरती घेतो. काही तासांत दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर जाड होऊन पडदा पुढे सरकवायलासुद्धा लागतो.

मेंदू सांगत असेल? मेंदूकडे जाणारी नस कापली, तरी डोळा हे करतच राहिला. मग धूसर काचेचा गॉगल फक्त अर्ध्या नजरेवर लावला, तर त्या अर्ध्या भागासमोरची डोळ्याची भिंतच तेवढी फुगली. आपल्याकडच्या बागायतदाराला हे पटकन कळेल : द्राक्षाचा एक घड जीएमध्ये (मणी फुगवणाऱ्या संजीवकात) बुडवला, तर त्याच घडाचे मणी फुगतात, शेजारचा घड होता तसाच राहतो. दृष्टिपटलाचा प्रत्येक तुकडा आपल्यापुरता हिशेब ठेवतो आणि निरोप मागच्या श्वेतपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला देतो, की वाढ किंवा थांब.

या निरोपातलं एक रसायन म्हणजे डोपामिन. दृष्टिपटलातल्या अमॅक्राइन पेशींपैकी काही पेशी भरपूर उजेडात ते जास्त सोडतात आणि वाढीला लगाम बसतो. पिल्लांना प्रखर उजेडात ठेवलं तर धूसर काचेमुळे येणारा मायनस कमी आला. स्पायपेरोन या औषधाने पेशीवरचा डोपामिन ओळखणारा ग्राहकच बंद केला, तर उजेडाचा तो फायदा गेला. (इथे कोणी जांभई देत असेल तर पुढच्या परिच्छेदापासून वाचा, रागवत नाही.)

भरपूर उजेड म्हणजे किती? मोबाईलमधल्या लक्स (उजेडाचं एकक) मोजणाऱ्या ॲपने मी डिसेंबरात सकाळी दहाला मोजलं. हॉलमध्ये ट्यूब लावून १६०. खिडकीशी नऊशे. अनंत कान्हेरे मैदानाकडेच्या झाडाखाली सावलीत नऊ हजार, उन्हात साठ हजारांच्या वर. आपल्याला घरात 'लख्ख' वाटतं, कारण डोळा पटकन जुळवून घेतो. सिडनी आणि सिंगापूरमधल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा मायनस नंबर सिंगापुरात २९ टक्के निघाला आणि सिडनीत ३ टक्के. आईबापांचे नंबर दोन्हीकडे साधारण सारखे. बाहेरचा वेळ मात्र आठवड्याला सिंगापुरात तीन तास आणि सिडनीत जवळपास चौदा तास.

आईवडिलांचा मायनस नंबर हिशेबात धरायचाच. दोघांनाही असेल तर मुलाला धोका जास्त. पण घराणं म्हणजे नुसते जनुक नव्हेत. पोराला कोण खाली नेतं, आजोबा नेतात की आईबाप दोघंही अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये असतात, सातव्या मजल्यावर राहणं आणि अडीच वर्षांपासून अक्षरं गिरवून घेणाऱ्या शाळेचा हट्ट, हे सगळं त्यात आलं. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांनी नंबर थांबतो याला पुरावा नाही. आणि काजळाने डोळे मोठे होत नाहीत. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं मात्र सापडलं आहे.

आता त्या मुलीकडे. तिची अडचण लांबीपेक्षा वेगळी आहे. दोन डोळ्यांत अडीच नंबरांचा फरक, म्हणून मेंदू डाव्याची धूसर प्रतिमा बाजूला टाकतो. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांवर हे उलगडलं, १९८१ साली नोबेल मिळालं. याला आळशी डोळा म्हणतात. उजवा चांगला असल्यामुळे मूल तक्रार करत नाही, टीव्हीही बघतं, आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर उपचाराला यश कमी येत जातं. म्हणून मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाकून बघायचं. एकाच बाजूचा हात मूल सारखं झटकत असेल तर दाखवून आणायचं. 'तिरळं मूल नशीबवान' म्हणून थांबणाऱ्यांनी तर आजच.

मुलीच्या आजीला विचारलं, घरात कोणाला असं होतं का? ती म्हणाली, "नाही हो." मग चहाचा कप ठेवताना : "तिच्या मामाचा डावा डोळा अधूच आहे म्हणा. पोलिस भरतीत कळलं."

डॉक्टरांनी आधी काही आठवडे नुसता चष्मा दिला, मग उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. आजी त्या वेळात तिला तांदूळ निवडायला बसवते. पहिल्या आठवड्यात पोरगी पट्टी ओढून काढायची. आता बसते. काळे खडे लगेच सापडतात, पांढरे अजून राहतात.