रिंग वाजण्याआधीची टिकटिक

साध्या नोकियाच्या जमान्यात फोन येणार हे आमच्या घरी माणसांआधी कॉम्प्युटरच्या स्पीकरला कळायचं. टिडिक्-टिडिक्-टिडिक्, टर्रर्र... आणि दोनेक सेकंदांनी रिंग. कधीकधी मात्र नुसतीच टिडिक् व्हायची. ना फोन, ना मेसेज. आई म्हणायची, "कुणीतरी मिस कॉल द्यायला घेतला आणि मन बदललं बघ!"

त्या जमान्यातला टू-जी (दुसऱ्या पिढीचा) फोन सलग बोलत नाही, तुटक-तुटक बोलतो. सेकंदाला सुमारे 217 वेळा तो रेडिओलहरींचा झटका सोडतो आणि स्पीकरच्या वायरी तो आयता पकडतात. रिंगच्या आधीची टिकटिक म्हणजे टॉवरने घातलेल्या हाकेला फोनने दिलेली 'ओ'. आणि ती बिनकॉलची टिकटिक? तेव्हा फोन कुणी न विचारता, आपणहून टॉवरला सांगत असायचा की मी अजून इथेच आहे.

फोन ट्रेस करणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेडफोन लावून बसलेला माणूस येतो. पण बहुतेक तपास उभा राहतो तो या हजेरीवर. पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाचा फोन खिशातून बाहेर न काढताही योग्य वेळी वाजतो, याचा अर्थ तो माणूस साताऱ्याच्या आसपास आहे हे नेटवर्कला आधीच ठाऊक असतं. नेटवर्कने टॉवरचे गट पाडलेले असतात. फोन एका गटातून दुसऱ्या गटात शिरला की नवी नोंद करतो. एकाच जागी पडून राहिला तरी ठरावीक वेळाने हजेरी लावतो. कॉल आला की त्या गटातल्या सगळ्या टॉवरवरून हाक घातली जाते. ही माहिती नको म्हणायची सोय नाही, कारण ती नसेल तर फोन वाजणारच नाही.

सिनेमात इन्स्पेक्टर खूण करतो, 'बोलत राहा, एक मिनिट लाइनवर ठेवा'. हे निव्वळ थाप नाही, फक्त फार जुनं आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाला 1891 साली स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजचं पेटंट मिळालं. व्यवसाय अंत्यसंस्काराचा. त्याची गिऱ्हाइकं ऑपरेटर बाई दुसऱ्याच दुकानाला जोडून देते, या संशयातून त्याने बाईलाच वगळणारं यंत्र काढलं असं सांगतात. त्या धर्तीच्या एक्स्चेंजमध्ये डायल फिरवला की लोखंडी रॅकवरचे स्विच खटाखट सरकत आणि एक रस्ता तयार होई. कॉल कुठून आलाय हे बघायला माणसाने रॅकमागून रॅक चालत तो रस्ता उलटा शोधायचा. पलीकडच्याने फोन ठेवला की स्विच मोकळे, रस्ता गायब. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर ती धावपळ संपली. आता अर्ध्या रिंगचा मिस कॉलसुद्धा कॉलच्या सुरुवातीलाच आपली नोंद करून मोकळा होतो.

या नोंदींच्या उताऱ्याला पोलिस सीडीआर, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणतात. बातमीत 'आरोपीचा सीडीआर काढला' येतं ते हेच. कुणी कुणाला, किती वाजता, किती सेकंद फोन केला; कॉल सुरू होताना कुठला टॉवर होता, संपताना कुठला; आणि सिम कुठल्या हँडसेटमध्ये होतं. काय बोलणं झालं, ते यात नसतं. हँडसेटची ओळख म्हणजे पंधरा आकडी आयएमईआय. आपल्या फोनवर *#06# दाबलं की दिसतो. चोरटे सिम फेकून देतात आणि त्याच हँडसेटमध्ये नवं घालतात. नेटवर्कच्या नोंदीत तो तोच जुना फोन, नव्या नंबराने आलेला. हा आकडा बदलून देणारेही असतात, पण तो गुन्हा आहे.

टॉवर डंप हा आणखी एक प्रकार. समजा दोन ठिकाणी सारख्याच पद्धतीची घरफोडी झाली. दोन्ही जागांच्या टॉवरवर त्या-त्या वेळी दिसलेले सगळे नंबर मागवायचे. दोन्ही याद्या हजारोंच्या, पण दोन्हींत असलेले नंबर मोजकेच. युरोपातल्या एका देशात सुमारे पंधरा लाख लोकांच्या नोंदी तपासून 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की माणूस कुठल्या वेळी कुठल्या टॉवरपाशी होता अशा फक्त 4 नोंदी मिळाल्या, तर 95 टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येतात. नावही लागत नाही. आपण सगळे सवयीचे गुलाम, त्याला कोण काय करणार!

पण 'लोकेशन सापडलं' हे शब्द जरा जपूनच ऐकावेत. टॉवरवरचे अँटेना सहसा तीन दिशांना वाटलेले असतात, म्हणून नोंदीतून अमुक टॉवरची अमुक बाजू एवढंच कळतं. शहरात हा तुकडा काही शे मीटरचा, खेड्यात काही किलोमीटरचा. शिवाय फोन जवळचा टॉवर धरतोच असं नाही, ज्याचा सिग्नल बरा तो धरतो. कोकणात खाडीच्या अलीकडे उभं राहावं आणि फोनने पाण्यावरून थेट पलीकडचा टॉवर पकडावा, मधला डोंगर आड आला म्हणून हाकेच्या अंतरावरचा सोडावा, हे नेहमीचं. कोर्टात मात्र तोच कागद 'आरोपी खाडीपलीकडे होता' असं म्हणू शकतो.

डेन्मार्कमध्ये 2019 साली याचा मोठाच गोंधळ उघडकीला आला. कंपन्यांकडून आलेली माहिती वाचण्याजोगी करणारी पोलिसांची यंत्रणा काही कॉल गाळत होती. काही फोन तर भलत्याच टॉवरला जोडले गेले होते. दहा हजारांहून जास्त खटले पुन्हा तपासायची वेळ आली. दोन महिने अशा नोंदी पुरावा म्हणून वापरणं थांबवलं आणि कोठडीतल्या 32 जणांना सोडावं लागलं.

इंटरनेटवर टॉवरच्या जागी आयपी अ‍ॅड्रेस (उपकरणाचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) येतो, आणि तिथला गुंता आणखी मोठा. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून सुमारे 430 कोटी, उपकरणं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यावर शेकडो ग्राहक बसवतात. सोसायटीचा पत्ता एक आणि आत शेकडो फ्लॅट, असा प्रकार. फ्लॅट नंबराचं काम पोर्ट नंबर करतो, फक्त हे फ्लॅट क्षणाक्षणाला भाडेकरू बदलतात. त्यामुळे पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ, तिन्ही हवीत. त्यात परदेशी सर्व्हरची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे लिहिलेली असली आणि ती कुणी तशीच पुढे पाठवली, तर पोलिस भलत्याच्याच दारात जाणार.

असं भलतं दार आपल्याकडे ठोठावलं गेलेलं आहे. 2007 साली ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल नेटवर्किंग साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेसवरून बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला पकडलं. इंटरनेट कंपनीने त्या पत्त्यासाठी चुकीचं नाव दिलं होतं. तो तरुण 50 दिवस तुरुंगात होता.

याच्या उलट उदाहरण 26/11चं. हल्लेखोरांना सूचना देणारे पाकिस्तानात बसून इंटरनेटवरून बोलत होते. वापरलेल्या नंबरांत काही ऑस्ट्रियाचे होते. नंबर म्हणजे फक्त पाटी, ती कुठलीही लावता येते. पण ही सेवा न्यू जर्सीतल्या एका कंपनीकडून घेतलेली होती. खोट्या नावाने का होईना, खातं उघडलं होतं आणि पैसे भरले होते. त्या खात्याच्या नोंदी पुढे खटल्यात आल्या.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं. पण कोण, केव्हा ऑनलाइन आलं, ही पाकिटावरची माहिती पाकिटातल्या चिठ्ठीइतकी बंद नसते. व्हीपीएन, म्हणजे मधल्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत इंटरनेट वापरायची सोय, लावलं तर वेबसाइटला व्हीपीएनचा पत्ता दिसतो. तुमचा पत्ता व्हीपीएनवाल्याला माहीत असतोच.

भारतात कंपन्यांनी कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या असतात. 2021च्या डिसेंबरपर्यंत ही मुदत एक वर्ष होती. बोलणं ऐकायचं तर गृहसचिवांच्या पातळीवरची परवानगी लागते. त्याचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घालून दिले. सीडीआरला मात्र एवढ्या वर जावं लागत नाही, आणि गळतीही तिथेच होते. 2018 साली ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

फोन बंद केला, तर त्या बंद होण्याचीही नोंद होते. बटण दाबून बंद करताना तो टॉवरला 'निघतो' म्हणून कळवतो. बॅटरी उपटली तर निरोप जात नाही, पण पुढची हजेरी चुकली की नेटवर्कला समजतंच. एकमेकांना ओळखणारे चार नंबर रात्री पावणेदहाच्या सुमारास एकाच टॉवरखाली बंद झाले आणि पहाटे चारच्या पुढेमागे चालू झाले, तर तपास अधिकारी आधी त्या सव्वासहा तासांवर बोट ठेवतो.