४०बी वेगळा, ३ए वेगळा

बोस्टनच्या आसपासच्या गावांत घरबांधणीवर सभा असली की ४०बी आणि ३ए या दोन कायद्यांची हमखास गल्लत होते. माइकसमोर आलेला एक जण तावातावाने सांगतो की बिल्डर आता गावाचं झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे नियम, धाब्यावर बसवणार. त्याच्यामागची बाई म्हणते, बरं झालं, शाळेतल्या शिक्षकांना इथेच परवडणारी घरं मिळतील. दोघंही मनापासून बोलतात. पण सभा असते ३एवर आणि दोघांच्याही डोक्यात असतो ४०बी.

४०बी जुना, १९६९चा. उपनगरांनी मोठे प्लॉट आणि एका प्लॉटवर एकच कुटुंब असे नियम करून कमी कमाईच्या लोकांना वेशीबाहेर ठेवलं होतं. त्यावर मॅसॅच्युसेट्स राज्याने काढलेला हा तोडगा. त्याला ‘अँटी-स्नॉब झोनिंग ॲक्ट’ हे नाव पडलं ते त्यामुळेच. हा कायदा गावाच्या झोनिंग नकाशाला हात लावत नाही, एका प्रकल्पापुरते नियम शिथिल करायची वाट देतो. विकासक गावाच्या झोनिंग बोर्ड ऑफ अपील्सकडे, म्हणजे झोनिंगमधून सूट देणाऱ्या मंडळाकडे, सगळ्या परवानग्या मिळून एकच अर्ज करतो. बदल्यात साधारण पाव घरं त्या भागातल्या मध्यक (निम्मे लोक ज्याहून कमी कमावतात अशा) उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी राखावी लागतात, आणि नफ्यावरही मर्यादा येते.

बोर्डाने नकार दिला तर? गावातली निदान १० टक्के घरं राज्याच्या अनुदानित घरांच्या यादीत असली तर गावाचा शब्द सहसा टिकतो. नसली तर विकासक राज्याच्या हाउसिंग अपील्स कमिटीकडे जातो आणि तिथे गावाची बाजू लंगडी पडते. स्थानिक अडचण साऱ्या परिसराच्या घरांच्या गरजेहून मोठी आहे, हे गावालाच सिद्ध करावं लागतं.

या १० टक्क्यांचा हिशोब मात्र नीट बघा. भाड्याच्या ४० घरांच्या प्रकल्पात परवडणारी १०च असली तरी यादीत चाळीसच्या चाळीस धरली जातात. तीच घरं विकायची असली तर फक्त १० मोजतात. म्हणून ‘आमच्या गावाने १० टक्के गाठले’ याचा अर्थ दर दहातलं एक घर स्वस्त आहे, असा होत नाही. मला हे फार खटकतं, कारण नेमका हाच आकडा पुढे करून पुढचे प्रकल्प अडवता येतात.

३ए म्हणजे झोनिंग कायद्यातलं नवं कलम. जानेवारी २०२१मध्ये गव्हर्नर चार्ली बेकर यांनी त्यावर सही केली. बोस्टनच्या सार्वजनिक वाहतुकीशी जोडलेली १७७ गावं-शहरं त्यात येतात. प्रत्येकाने निदान एक पट्टा असा आखायचा, की तिथे बहुकुटुंबी इमारतीला खास परवानगी लागू नये; एकरी, म्हणजे ४० गुंठ्यांत, किमान १५ घरं बसावीत, आणि वयाची अट नसावी. इथे नकाशाच बदलतो, आणि तो गाव स्वतः आखतं. घरं बांधायची सक्ती कोणावरच नाही.

म्हणून ‘गावाचा ताबा गेला’ ही तक्रार दोन्हींना सारखी लागू होत नाही. ४०बीमध्ये प्रत्येक प्रकल्पावर सुनावणी होते, पण गावाचे हात अर्धे बांधलेले असतात. ३एमध्ये गाव आधी ठरवतं कुठे, किती. एकदा ठरलं की शेजाऱ्यांना नुसतं ‘नको’ म्हणून प्रकल्प अडवता येत नाही. मिल्टन या गावात टाउन मीटिंगने, म्हणजे गावाचे नियम करणाऱ्या सभेने, मंजूर केलेला असा नकाशा फेब्रुवारी २०२४मध्ये मतदारांनी फेटाळला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५च्या निकालात कायदा वैध ठरला, राज्याच्या ॲटर्नी जनरलना (मुख्य कायदा अधिकाऱ्यांना) गावावर कारवाईचा अधिकारही मिळाला. फक्त मार्गदर्शक नियम योग्य रीतीने केले नव्हते म्हणून राज्याला ते पुन्हा काढावे लागले. ४०बी रद्द करायचा प्रस्ताव तर २०१०मध्ये राज्यभरच्या मतदारांपुढेच गेला होता. त्यांनी तो नाकारला.

राहिला त्या शिक्षकांच्या घरांचा प्रश्न. ३एमध्ये परवडणाऱ्या घरांची अट नाहीच. गावाला ती आपल्या नियमांत घालता येते, साधारण १० टक्क्यांपर्यंत. त्याहून जास्त हवी तर प्रकल्प पैशाच्या दृष्टीने उभे राहू शकतील हे दाखवावं लागतं. नकाशावर मतदान होण्याआधी कोणी हा मुद्दा मांडलाच नाही, तर त्या पट्ट्यात उठणारं प्रत्येक घर बाजारभावाने विकलं जाऊ शकतं.