वार पडेपर्यंतचा अर्धा तास

घरी बाळंतपण करायचं ठरलं की सगळी तयारी कळांभोवती फिरते. श्वासाचे व्यायाम, गरम पाणी, उकिडवं बसायची जागा, कंबर कोण चोळणार. महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. उरलेली काही ठरवून घरी होतात, काही गाडी वेळेत न आल्यामुळे. बाईच्या जिवाला मोठा धोका असतो तो बाळ रडल्यानंतर, सगळे बाळाकडे वळलेले असताना.

दिवस भरल्यावर गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जातं. वार (बाळाला नाळेतून पोसणारा, पिशवीला चिकटलेला अवयव, प्लासेंटा) सुटली की ती चिकटलेल्या जागेवरच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करायचं काम पिशवीच्या स्नायूंचं. त्यांचे तंतू आडवेतिडवे विणलेले असतात. पिशवी आकसली की त्यांच्यामधून जाणाऱ्या वाहिन्या आवळल्या जातात. रक्त गोठणं हे त्यानंतरचं. पिशवी ढिली राहिली तर बाई तासा-दोन तासांत दगावू शकते. ढिली राहण्याची कारणं ठरलेली आहेत: लघवीने भरलेलं मूत्राशय, आत राहिलेला वारेचा तुकडा, जुळ्यांमुळे ताणलेली पिशवी, लांबलेल्या कळांनी थकलेला स्नायू.

वार बहुधा अर्ध्या तासात आपसूक सुटते. सुटल्यावर बाहेर दिसणारी नाळ लांब होते, रक्ताचा एक लोट येतो आणि पोटावर हात ठेवला तर पिशवी गोल, घट्ट लागते. त्याआधी नाळ ओढू नये. ओढल्यास ती तुटते, किंवा पिशवीच उलटी होऊन बाहेर येते. घशात केस घालून उमासे काढवणं, पोटावर जोराने दाब देणं हे उपाय अजून कुठे कुठे चालतात. ते करू नयेत. नाळ कापायचीही घाई नको. १ ते ३ मिनिटं थांबलं तर वारेतलं बरंच रक्त बाळाला मिळतं. तेवढ्यात बाळाला कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावं आणि वरून दोघांना पांघरूण घालावं. पुसूनही बाळ श्वास घेत नसेल तर मात्र थांबणं नाही. म्हणूनच बाळासाठी हवेची पिशवी आणि मास्क वापरता येणारी व्यक्ती खोलीत हवी.

ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन बाळ जन्मल्यावर मिनिटभरात मांडीत दिलं की पिशवी लवकर आकसते. हेच औषध बाळ पोटात असताना ‘कळा वाढवायला’ घरी टोचणारे महाभाग आहेत. तेव्हा ते बाळाचा प्राणवायू तोडू शकतं, पिशवी फाडू शकतं. औषध तेच, वेळ चुकली की घात. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जिथे फ्रीज नाही तिथे पिशवी आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात. त्यांची मोठी चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,६२० बायका होत्या आणि बाळंतपणं नर्सबाईंनी केली. ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या, तोंडाने दिल्यावर जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आलं. गोळ्यांनी थंडी वाजते, ताप येतो; तो उतरतो. द्यायच्या त्या प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टरच्या सल्ल्यानेच, आणि पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री झाल्यावर.

रक्त किती गेलं हे डोळ्यांनी नीट कळत नाही. बेळगावातच खुणा असलेली, कमरेखाली अंथरायची प्लास्टिकची पिशवी वापरून मोजलं, तेव्हा डोळ्यांचा अंदाज साधारण एक तृतीयांशाने कमी भरला. धोक्याची रेघ ५०० मिलिलीटरची. ज्या बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे तिला त्याहून कमी रक्त गेलेलंही झेपत नाही, म्हणून ही तयारी चौथ्या महिन्यापासूनच्या लोहाच्या गोळ्यांनी सुरू होते.

वार पडल्यावर ती पसरून बघावी. कडा फाटलेली किंवा तुकडा कमी वाटला तर तेवढ्यावरच दवाखाना गाठावा. पुढचे दोन तास दर १५ मिनिटांनी बेंबीपाशी हात लावून पिशवी तपासायची. मऊ लागली तर गोल गोल चोळायची, बाईला लघवीला बसवायचं, बाळ छातीला लावायचं. बाळ चोखू लागलं की आईच्या शरीरातलं ऑक्सिटोसिन स्रवतं. तरीही रक्त थांबत नसेल, चक्कर येत असेल, नाडी धावत असेल, अर्धा तास होऊनही वार पडली नसेल, तर १०८ ला फोन. खरं तर गाडी आधीच दारात हवी आणि रक्त मिळणारं रुग्णालय आधीच ठरलेलं हवं; फोन केल्यावर शोधाशोध करायला तेवढा वेळ हाताशी नसतो. आधीचं सिझेरियन, पायाळू बाळ, जुळी, वाढलेलं बीपी किंवा मागच्या खेपेला अडकलेली वार असेल, तर घरचा विचारच सोडावा.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर पुढच्या खेपेच्या बाळाला आईच्या रक्तापासून धोका होऊ नये म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. घरी बाळाचा रक्तगट कोणी तपासत नाही, त्यामुळे नाळेतलं थोडं रक्त नळीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवायची सोय आधीच करून ठेवावी.