‘वजन वाढवणारं पीठ’ आमच्याकडे का मिळत नाही

आठवड्यातून चार-पाच जणी तरी काउंटरवर येऊन विचारतात, “ताई, वजन वाढेल असं काही आहे का हो?” कडेवर सव्वा-दीड वर्षाचं बाळ असतं. ते मजेत पाकिटं ओढत असतं आणि सोबतच्या आजी सांगतात, “शेजारचा बघा कसा गुटगुटीत आहे. आमचं पोर खातं, पण अंगी लागत नाही.”

आम्ही मोडाच्या नाचणीचं पीठ, मेतकूट आणि तांदूळ-मुगाची खिमटाची भरड घरच्यासारखी करून विकतो. मनापासून विकतो. तरी पाकिटावर ‘वजनवाढीसाठी’ असं आम्ही छापत नाही. पीठ म्हणजे जेवण आहे, औषध नव्हे. पीठ घेण्याआधी पुढचं जरूर वाचा.

आधी कार्ड काढा

लसीकरणाच्या वेळी मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डात वजनाचा आलेख असतो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून तो विनामूल्य भरून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार एक वर्षाची मुलगी 7 किलोंची असू शकते आणि साडेअकरा किलोंचीही, मुलगा 7.7 ते 12 किलोंचा. दोन वर्षांला मुलींसाठी हा पट्टा 9 ते 14.8 किलो आणि मुलांसाठी 9.7 ते 15.3 किलो आहे. बघा, केवढा रुंद पट्टा आहे! तुमचं बाळ आणि शेजारचं बाळ यांत तीन किलोंचा फरक असला तरी दोघंही अगदी ठणठणीत असू शकतात.

एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. बाळाची रेघ त्याच्या त्याच्या वाटेने वर चालली आहे ना, एवढं बघा. आई-बाबा दोघंही हाडापेराने बारीक असतील, तर बाळ खालच्या बाजूच्या रेघेने वाढेल, आणि त्यात काही बिघडलेलं नाही.

वर्षानंतर भूक कमी का होते

पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षभरात मात्र जेमतेम अडीच किलो वाढतं. वाढीचा वेगच मंदावतो, म्हणून भूकही मंदावते. त्यात चालायला लागलेलं असतं, सगळं जग हात लावून बघायचं असतं. नेमकं याच वेळी घरात काळजी सुरू होते आणि ताटली घेऊन मागे धावणंही.

मीही धावले आहे. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना मोबाइल समोर धरून एकेक जेवण तासभर चालायचं. जेवण कमी पडलं म्हणून वर तीन कप दूध, तेही साखर घालून. पोर गोरंगोमटं, पण मलूल. भिंतीचा चुना खरवडून खायचा. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 8.4 निघालं. पोट दुधाने भरत होतं, दुधात लोह जवळपास नसतंच, आणि जेवणाला जागा उरत नव्हती. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले आणि दूध दिवसाला दोन लहान कपांवर आणायला सांगितलं. पहिले चार दिवस रडारड झाली. पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून माझ्या ताटातला वरणभात ओढला.

हे आमच्या एका घरापुरतं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी जवळपास 69 मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. वजनाचा काटा हे दाखवत नाही. म्हणून वर्षानंतर दूध दिवसाला 400-500 मिलिलीटरच्या आत ठेवा. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायला हरकत नाही.

काय, कधी आणि कुठे बसून खायचं ते आपण ठरवायचं. किती खायचं, ते बाळाला ठरवू द्या. तोंड फिरवलं, की त्या वेळचं जेवण संपलं. दोन-अडीच तासांनी पुन्हा विचारा, मध्ये बिस्किट नको. नवीन भाजी आठ-दहा वेळा ताटात दिसल्यावर कुठे हात पुढे येतो, तेव्हा दोनदा थुंकली म्हणून सोडून देऊ नका.

आमचं पीठ: काय देतं, काय देत नाही

शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असतं. पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. हाडांसाठी नाचणी उत्तमच. पण ‘नाचणीने रक्त वाढतं’ हे अर्धंच खरं. तिच्यातलं लोह अंगात फार थोडं शोषलं जातं. मोड आणल्यावर ते जरा सुधारतं. रक्तासाठी डाळी, पालेभाजी, अंडं, खात असाल तर मासे-मटण, आणि वरणावर लिंबू पिळणं, हे सगळं लागतंच.

आम्ही सत्त्व विकत नाही, पूर्ण पीठ विकतो. सत्त्व काढताना फडक्यात जो चोथा उरतो, त्याबरोबर तंतू आणि खनिजंही बरीच निघून जातात. सहा-सात महिन्यांच्या बाळाला गाळलेलं सोसतं हे खरं. पण वर्षाच्या पुढे पूर्ण पीठच द्या.

करायचं असं: दोन चहाचे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मगच मंद आचेवर ठेवा आणि हलवत राहा. आधी मातकट दिसतं, मग कडेने बुडबुडे येतात, रंग गडद होतो आणि सात-आठ मिनिटांत कच्चा वास जातो. मोडाचं पीठ साध्या पिठाइतकं घट्ट होत नाही, म्हणून आणखी चमचाभर पीठ घातलं तरी बाळाला गिळता येतं. लहानशा पोटात जास्त अन्न मावतं, मोडाचा मोठा फायदा हाच. वरून पाव वाटी दूध, अर्धा चमचा साजूक तूप, कुस्करलेलं केळं किंवा खजूर. दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ नको. वर्षाच्या आत मध अजिबात नको. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून घाला.

बाकी घराचं काय

बाळाचं उष्टं संपवता संपवता वर्षभरात माझं वजन सात किलोंनी वाढलं होतं, हे मला उशिरा कळलं. बाळाला वेगळं आणि मोठ्यांना वेगळं शिजवण्यापेक्षा एकाच कुकरात वरण, भात, भोपळा लावा. बाळाचं काढून घ्या, मग मोठ्यांसाठी तिखट-मिठाची फोडणी द्या. आपल्या लोकांना पोटावर चरबी लवकर साठते. पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पण आपल्या बारीक बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणून बारीक बाळाला साखर-तुपाने फुगवू नका, डाळ-अंड्याने भरा. मोठ्यांनी कंबर मोजावी: पुरुषांनी 90 आणि बायकांनी 80 सेंटीमीटरच्या आत ठेवावी.

बाळ जास्त जाड वाटत असेल, तरी त्याला उपाशी ठेवू नका, तूपही तोडू नका. रात्रीची दुधाची बाटली, डब्यातला ज्यूस, बिस्किटं आणि जेवतानाचा मोबाइल बंद करा. अंगणात दिवसाकाठी तीन तास हुंदडू द्या. उंची वाढते तसं बरंचसं जमून येतं.

पीठ राहू द्या, डॉक्टरांकडे जा

सलग दोन-तीन महिने वजन हललं नाही, रेघ खाली किंवा एकदम वर वळली, बाळ माती-खडू खातं, वारंवार जुलाब होतात, पायांवर सूज आहे, किंवा अंगणवाडीताईंकडच्या मोजपट्टीवर बाळाचा दंड साडेबारा सेंटीमीटरच्या आत भरला, तर थांबू नका.

पहिल्यांदा घेताना पाव किलोचंच पाकीट न्या. उघडल्यावर कोरड्या डब्यात ठेवा, महिन्याभरात संपवा, पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. कडवट वास आला तर वापरू नका, परत आणा, बदलून देऊ. आणि येताना बाळाचं कार्ड घेऊन या, आलेख कसा वाचायचा ते सोबत बसून दाखवू. त्यासाठी काही विकत घ्यायलाच हवं असं नाही.